पंगत उठेपर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या जर्मन भाडेकरूइतका हट्टी माणूस अख्ख्या कामशेतात झाला नाही, आणि माझा नवरा याच गावचा आहे हे लक्षात घेऊन मी बोलते आहे. उर्स्याजवळच्या कारखान्यात यंत्रं बसवायला तो दोन वर्षांसाठी आला होता. पहिल्याच रविवारी मी जेवायला बोलावलं, ताटाशेजारी चमचा ठेवला, तर त्यानं तो उचलून माझ्या हातात परत दिला. इंद्रायणीचा चिकट भात तोंडापेक्षा बोटांनाच जास्त लागला, आमटी कोपरापर्यंत आली, पण गडी हटला नाही. मी म्हटलं, "अरे बाबा, चमच्यानं खाल्लंस तर कुणी फाशी देणार नाही." तो म्हणाला, "वहिनी, मला शिकायचं." ठेचा खाऊन डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, तरी वर "अजून थोडा" असायचंच.

पुढे त्यानं मनावरच घेतलं, की आंदर मावळात माझ्या माहेरी उत्सवाच्या पंगतीला बसायचं. खुर्चीवर नाही, जमिनीवर, आणि शेवटपर्यंत. अडचण मांडीची होती. सहा फुटांवरचा देह, गुडघे कानाला लागायचे. तीन महिने रोज संध्याकाळी गच्चीत समोर घड्याळ ठेवून बसायचा. वीस मिनिटं जमली त्या दिवशी मला पेढे आणून दिले. नियम मीच शिकवले. नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा, आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही. हा दुसरा नियम हल्ली आम्हीच पाळत नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

उत्सवात माझ्या भावानं कौतुकानं त्याच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली. ह्यानं नम्रपणे हात जोडले आणि थेट माझ्या चुलत्यांच्या, आबांच्या शेजारी जाऊन बसला. आबांना दात नाहीत, लापशीसुद्धा घोळवून घोळवून खातात. अर्ध्या तासात लोक उठले, हात धुऊन पांगले. हा बसलेलाच. तोंड लालबुंद, पाय केव्हाच बधिर.

आबा म्हणाले, "उठ की रं बाबा. मला लय येळ लागतो. माज्यासाठी कुनी थांबत न्हाई."

"तुमचं झालं नाही, आबा. म्हणजे पंगत झाली नाही."

आबांनी मान खाली घातली, घास तसाच हातात राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण समोरच्या ओळीतून सगळ्यांत आधी मीच उठले होते. अखेर आबांचं जेवण झालं, तेव्हा ह्याला दोघांनी काखेत धरून उभं केलं. चेहरा मात्र गड जिंकल्यासारखा.

गेल्या वर्षी तो परत गेला. वरची खोली अजून मी भाड्यानं दिलेली नाही. यंदाच्या उत्सवात आबांनी शेजारची जागा हातानं झाडत विचारलं, "त्यो उंच पाव्हना न्हाई आला व्हय?" मी नाही म्हटलं आणि तिथं बसले. साठीचे गुडघे पंधराव्या मिनिटाला बोंबलायला लागले. पंगत उठली, मी बसून राहिले. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, वाढप्याला हाक मारून भात पुन्हा मागितला.