न दिलेली चिठ्ठी

हुबळीचे ते दिवस आठवले की आधी कापसाचे तंतू डोळ्यांपुढे येतात. जुन्या हुबळीतल्या आमच्या खोलीत ते उन्हावर तरंगत यायचे आणि मी पोळपाटाशी बसून, जागी की झोपेत हे न कळता, बघत राहायची.

मिरजेहून आम्ही नोकरीसाठी आलो होतो. सासऱ्यांनी एका वकिलांच्या नावे ओळखीची चिठ्ठी दिली होती आणि बजावलं होतं, अक्षय्य तृतीयेपर्यंत काम लागलं नाही तर मुकाट्यानं परत यायचं. मला मेलीला परत जायचंच नव्हतं. इथली खोली माझी होती, चूल माझी होती.

हे रोज कोट चढवून चिठ्ठी घेऊन निघायचे. संध्याकाळी म्हणायचे, "वकील परगावी गेलेत." गावाकडचं कुणी भेटलं की, "होईल दोन दिवसांत." मीही तीच री ओढायची. आपण रिकामे आहोत हे आपल्या माणसांना कळू द्यायचं नाही, हा आमचा बाणा!

घरमालकीण कानडी. त्यांना मी अक्का म्हणे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्याच मला एका मराठी दुकानदारांकडे घेऊन गेल्या. कैरीची डाळ, पन्हं, मोगऱ्याचा वास. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ वाटत होतं.

"नवी आहेस, नाव घे ग," कुणीतरी म्हणालं.

"चैत्रगौरीपुढे मांडली आरास..." मी उखाणा सुरू केला आणि पुढची ओळ सुचेना. तोंडातून निघालं, "ह्यांना अजून काम नाही हो. तृतीयेला आम्ही परत जाणार." आणि रडूच कोसळलं.

"अय्यो, एवढे दिवस तोंड शिवून बसलीस की ग!" अक्का डाफरल्या. "आमचा अण्णा कापसाच्या कारखान्यात हाय. कारकून पाहिजे म्हणत होता. उद्या सकाळी यजमानांना पाठीव."

हे ऐकून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "चारचौघींत अब्रू घालवलीस!" पण सकाळी अक्कांच्या भावाकडे गेले आणि कामाला लागले.

जन्मभर हे सांगत राहिले, "वडिलांच्या चिठ्ठीनं काम झालं." मी मान डोलवायची. लबाड कुठले!

आता हे नाहीत. परवा त्यांचा तो जुना कोट उन्हात टाकताना अस्तरात सासऱ्यांची ती चिठ्ठी हाताला लागली. पाकीट फोडलेलं नव्हतं. मागायची लाज वाटून रोज वकिलांच्या दारातून परत फिरत असतील. त्याचा राग नाही आला. पण त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि हे माझ्यापाशीसुद्धा बोलले नाहीत.