शेवंताबाईची काळी डुकरीण

मीरा, निनाद, माझ्या विद्यार्थ्यांनो, माझा जुना शोधनिबंध वाचून तुम्ही कौतुकाने फोन केलात, तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली. डुकरांच्या अंगात चरबी किती आणि कुठे साठावी हे कोणती जनुके ठरवतात, असा त्याचा विषय. तो विषय मला जिने दिला, तिचे नाव त्यात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

शेवंताबाई डुकराच्या शेवटच्या बरगडीमागे दोन बोटे दाबायची आणि चरबीचा थर सांगायची. मी यंत्राने मोजून पाहिले. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. जुन्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत तिची डुकरे असत. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते.

तिची एक काळी डुकरीण काहीही खाऊन सडपातळच राही, आणि तिची पिल्लेही तशीच. खाण्याचा फरक असेल, असे मी म्हणाले. त्यावर तिने सांगितले की ती पिल्ले तिने लठ्ठ डुकरिणीच्या अंगावर पाजून पाहिली होती. "दूध परक्याचं पाजलं, तरी पाठ आईचीच हाय की." मला सुचायला हवा होता तो प्रयोग तिने आधीच करून ठेवला होता. मी फक्त रक्ताचे नमुने घेतले.

घरी मात्र मी शेळ्यांवर काम करते असे सांगितले होते. सासूबाईंना डुकराचे नावही चालत नसे. शेवंताबाईला हे ठाऊक होते. "शेळ्या तर शेळ्या," ती म्हणायची, "डुकरं काय रुसत न्हाईत."

एका संध्याकाळी ती नवी पेठेतल्या आमच्या दारात आली. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

"बाई, सकाळी शेळ्या धरायला म्युन्शिपाल्टीची गाडी यायलीय. अभ्यासाच्या हायत म्हणून चिठ्ठी पायजे."

शेळ्या म्हणजे डुकरे, हे मला समजले. कॉलेजचा कागद टेबलावरच होता. पण सासूबाईंनी विचारले, "शेळ्यांना कशाला गं धरतात?" आणि मी शेवंताबाईला म्हणाले, "उद्या कॉलेजात या."

 ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन गेले, तर शेवंताबाई एकटीच होती, जागा रिकामी होती. काळी डुकरीणही गेली होती. मी चिठ्ठी पुढे केली. शेवंताबाईचा आवाज चढला नाही.

"असू द्या, बाई. काल दिली असती, तर चिठ्ठीत बी तुमी शेळ्याच लिवल्या असत्या."

ती बहिणीकडे केम या गावी राहायला गेली. आगगाडीने दोन तासांचा रस्ता; मी एकदाही गेले नाही. निबंधात 'स्थानिक जनावरे' एवढेच लिहिले.

तुमच्या फोननंतर मी केमला जाऊन आले. शेवंताबाई वारली आहे. काळ्या डुकरिणीचे एक मादी पिल्लू तिने गाडी येण्याआधीच बहिणीला दिले होते. त्याच्या वंशातली सात जनावरे आज शेवंताबाईच्या भाचीकडे आहेत. सातही सडपातळ आहेत.