शेपटीवरचा खळगा

पितळ बराच वेळ हाताळलं की तळव्यांना एक थंड, आंबूस वास चिकटतो आणि हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. चिखलीत मोडीच्या भांड्यांची हातगाडी ओढत मी धंद्याला लागलो, तेव्हापासून तो वास माझ्या अंगाचाच झाला आहे. अशाच एका पोत्याच्या तळाशी, वाकलेल्या पळ्या आणि फुटक्या समयांखाली, मला पहिला बिल्ला सापडला. समोरासमोर दोन डॉल्फिन, पाणबुडीवरच्या नौसैनिकाच्या छातीवर असतात तसे. समुद्र इथून शेकडो मैल दूर, तरी तेव्हापासून मी हे बिल्ले एका पेटीत जमवू लागलो.

खरा-खोटा ओळखायला मला मोडीनेच शिकवलं. ओतीव नकलेच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहून जातात. शिवाय जुना दिसावा म्हणून तो सगळीकडून सारखाच घासलेला असतो; अस्सल बिल्ला मात्र उंचवट्यांवरच झिजतो, जिथे रोज सकाळी कुणाचा तरी अंगठा फडकं घेऊन फिरलेला असतो.

गेल्या कार्तिकात सोनाळ्याचे नाना दोन एसट्या बदलून माझ्या मोडीच्या दुकानात आले. उमेदीची वर्षं पाणबुडीवर काढलेला मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी रुमाल उलगडून बिल्ला समोर ठेवला. दुपारचं पिवळं ऊन त्यावर येऊन थांबलं. पाहताक्षणी कळलं, हा अस्सल आहे, आणि कळताक्षणी, जन्माच्या सवयीने, माझ्या तोंडून त्याची खोट निघाली.

"नाना, ओतीव दिसते हा. शेपटीवर खळगा पाहा. असा नकली माल बाजारात पोत्यानं येते."

त्यांनी रुमालाची घडी पुन्हा घातली. ते पायरी उतरत असताना मी मागून ओरडलो, "अहो, भाव तं सांगा! लगेच काऊन उठले?" ते वळले नाहीत. मला भयंकर संताप आला. माझ्या चोख मालालाही लोकांनी उभा जन्म नावं ठेवली, मी कधी रुसून निघालो नाही. त्यांनी तिथेच एक वाक्य बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तो बिल्ला डोक्यातून जाईना, म्हणून माघात मीच सोनाळ्याला गेलो. संत्र्यांची तोड सुरू होती आणि रस्ताभर सालीचा कडवट सुवास हवेत तरंगत होता. नाना ओसरीवर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, काकू, तूर निवडत होत्या; त्यांनीच तोंड उघडलं.

"तुमी नकली म्हनलं न, शेठ. सव्वीस जानेवारीले हे झेंड्याले गेले, पन बिल्ला नाई लावला. कोनी इचारलं तं काय सांगू, म्हने."

मग काकूंनीच त्या खळग्याचं सांगितलं. पाणबुडीवर हा बिल्ला पहिल्यांदा बहाल करताना दारूच्या पेल्यात तळाशी टाकतात. पेला रिता करायचा आणि तो दातांनी उचलायचा. "त्याईच्या दाताची खून हाये थे. अन् इकाले नव्हते आले तुमच्याकडे. तुमच्या पेटीत बाकीच्याईसंगं राहीन म्हनून द्याले आले होते."

काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. घाट चढताना कानांना दडे बसतात तसं झालं. काकूंचे ओठ, सुपातली तूर, अंगणातलं ऊन, सगळं दिसत होतं, पण लांबचं.

"नाना, बिल्ला अस्सल हाये," मी म्हणालो. "मले तवाच माहीत होतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"हाव," ते म्हणाले. "तवा घ्याचा होता म्हनून नकली. आता बी घ्याचाच हाये, म्हनून अस्सल. आमी कोनतं धरावं, शेठ?"

मला तो बिल्ला नको होता. त्या क्षणी खरोखरच नको होता. पण 'नको' हा शब्द मी आजवर भाव पाडण्यासाठीच वापरला होता, आणि त्या ओसरीवर दुसरा कुठलाही शब्द माझ्याजवळ नव्हता. काकूंनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरेपर्यंत मी कपाकडे पाहत बसून राहिलो.