बाइंडरनं शिवलेलं मृत्युपत्र

शाळांची हजेरीबुकं, कचेरीतल्या जाडजूड वह्या, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं, सगळी बाइंडरच्या हाताखालून जायची. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. कपड्यांना खळीचा वास इतका मुरलेला, की बहीण म्हणायची, “दादा, भिंतीला टेकू नकोस. चिकटशील!”

नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, त्याला तीस वर्षं झाली होती. पुढे वहिनी अकरा महिने इस्पितळात होती. तेवढे दिवस बाइंडरनं तिथल्या जिन्याखाली चादर अंथरून काढले. वहिनी गेली, पण तो जिना काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.

सत्तरी उलटल्यावर त्यानं एका वकीलबाईंकडून मृत्युपत्र करून घेतलं. बहीण हयात असेपर्यंत घरात राहील. तिच्यामागे घर इस्पितळाला, रुग्णांच्या माणसांना पाठ टेकायला. बहिणीला हे सांगितलं ते सह्या झाल्यावर.

“आधी विचारलं असतंस, तर मी काय आडवी येणार होते?”

“अगं, मरेपर्यंत तुला इथून कोणी उठवणार नाही.”

“तीस वर्षं तुझी चूल फुंकली, आणि आता मी भाडेकरू!”

तिनं अबोला धरला. ताट वेळेवर वाढायची, वर भाजी लागली का ते पाहायची, पण तोंडातून शब्द नाही.

वकीलबाईंनी कागद टाचणी मारून दिले होते. टाचणी गंजते, कागद खाते, हे बाइंडरला कसं सोसावं? त्यानं पानं शिवली, पाठीला कापडाची पट्टी लावली आणि हाताच्या सवयीनं, कुठल्याही पुस्तकासारख्या, तिन्ही कडा छाटून सारख्या केल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शेवटच्या पानावर जागा उरली नव्हती म्हणून साक्षीदारांनी पार तळाला सह्या केल्या होत्या, ते त्याला दिसलंच नाही.

संध्याकाळी बहिणीनं कातरण झाडलं. एका पट्टीवर निळ्या शाईची वेलांटी होती, अर्धी अक्षरं होती. ती पट्टी हातात धरून ती उभी राहिली. भाऊ चार हातांवर खळ ढवळत होता. सांगायचं तर आधी आपण बोलायला हवं. मीच का, असं तिच्या मनात आलं, आणि पट्टी केराच्या डब्यात गेली.

सहा आठवड्यांनी दाभणात दोरा ओवता ओवता बाइंडर कलला, तो उठलाच नाही. अबोला तसाच राहिला.

वकीलबाईंनी ते सुबक पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, साक्षीदारांच्या सह्या कुठायत? इस्पितळाला आता कोर्टात भांडत बसावं लागेल. तसं पाहिलं तर वारस तुम्ही एकट्याच. घर तुमचं.”

“मला दिसल्या होत्या,” बहीण म्हणाली.

“काय?”

“सह्या. केरात.” मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “त्यानं लिहिलं होतं तस्संच माझ्याकडून लिहून घ्या.”

“घाई नाही, ताई. नीट विचार करा.”

“विचार करायला सहा आठवडे होते मला.”

मसुदा झाला. तिनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं. “देणाऱ्याच्या जागी दादाचं नाव घाला.”

“तसं चालत नाही हो. घर तुमचं, म्हणजे देणाऱ्या तुम्हीच.”

“कुठेतरी घाला. कोपऱ्यात.”

“‘भावाकडून मिळालेलं घर’ एवढं येईल.”

तिनं सही केली.

आपल्या मृत्युपत्राची नक्कल द्यायला ती स्वतः इस्पितळात गेली. मुख्य परिचारिकेनं खुर्चीतून उठून तिचे दोन्ही हात धरले. “राहतं घर देता! किती मोठं मन हो तुमचं.”

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण कुठून सुरुवात करावी, ते सुचेना. परिचारिकेनं पाणी मागवलं, आणि हात हातात घेऊन ती कौतुक करतच राहिली.