मामाजींचं थंड हवेचं यवतमाळ

सगळ्या विदर्भाला उन्हाळा असतो, फक्त यवतमाळला नसतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही सगळी भाचरं त्यांना मामाजी म्हणायचो. यवतमाळ उंचावर वसलंय हे खरंच आहे, पण मामाजी ती उंची अशा थाटात सांगत की शहर उचलून वर ठेवताना खालून हात त्यांनीच लावला असावा. मी वणीचा. सपाटीवरची, कोळशाच्या खाणींजवळची वणी त्यांच्या लेखी नुसती भट्टी. मे महिन्यात सुटीला गेलो की दारातच विचारत, "काय बे, भाजून आला का?" मग कडुनिंबाखाली खुर्ची टाकून म्हणत, "बस इथं. हवा पाह्य कशी थंड येऊन राह्यली." ती हवा अशी असे की डोळ्यांतलं पाणी वाळून जावं. पण 'गरम' हा शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती. आत्या पदरानं वारा घ्यायला लागली तर म्हणत, "तुले गॅसची झळ लागली असन." घरात कूलर नव्हता, तो आणणं म्हणजे शहराशी गद्दारी. बातम्यांत यवतमाळचं तापमान चंद्रपूरपेक्षा जरासं जरी कमी निघालं तरी ते शेजाऱ्यांना हाका मारून सांगत, आणि जास्त निघालं तर म्हणत, "मशीनच उन्हात ठेवली असन त्यायनं." थंडीचाही असाच अभिमान. दिवाळी आली की कानटोपी घालत आणि कानामागचा घाम हळूच पुसत.

मग ते कोरडं वर्ष आलं. जूनमध्ये पावसानं तोंड दाखवलं आणि तो गेला तो गेलाच. पोळ्यापर्यंत ढग नुसते यायचे नि जायचे. मामाजी म्हणायचे, "येऊन राह्यला तो. घाट चढाले टाइम लागते." गणपती गेले, दसरा गेला, पाऊस काही घाट चढला नाही. थंडीही आल्यासारखी करून निघून गेली. होळीच्या सुमाराला धरणाचा तळ दिसू लागला. नळाची वाट पाहण्यात आठवडे जायचे आणि गल्लोगल्ली टँकर फिरायचे. मे लागला तसा मी फोन केला, "मामाजी, या इकडे. आमच्या विहिरीले पाणी आहे."

"मे महिन्यात वणीले? माह्यं डोस्कं फिरलं का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात टँकर आला तेव्हा आत्या रिकामा गुंड, म्हणजे आमच्याकडचा हंडा, घेऊन धावली, गर्दीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. मामाजी त्या वेळी शेजारच्या ओट्यावर बसून कुणाला तरी यवतमाळच्या हवेचे गुण सांगत होते. हे मला आत्यानंच नंतर हसत हसत सांगितलं. मामाजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "विहिरीले पाणी आहे म्हणे ना तू?" एवढंच.

भर दुपारी ते एसटीतून उतरले. इतक्या वर्षांची उट्टी काढायची म्हणून मी टोमणे तयारच ठेवले होते. पण मामाजींच्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसऱ्या हाताचा तळवा आत्याच्या प्लास्टरखाली होता. पायरी उतरतानाही त्यांनी तो काढला नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "या मामाजी."

आता मामाजी जाऊनही काही पावसाळे झाले. त्यांची आठवण निघाली की घरातले सगळे कानटोपीवरून हसतात. मला मात्र ते वणीला आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते. उन्हं चढायच्या आत त्यांनी आत्याला विहिरीपाशी पाटावर बसवलं, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि स्वतः पाणी शेंदून तिच्या डोक्यावर ओतू लागले. कित्येक दिवसांत तिला धड न्हायला मिळालं नव्हतं. शिकेकाई कशी चोळायची हे मामाजींना ठाऊक नव्हतं. फेस तिच्या डोळ्यांत जात होता.

"पुरे ना जी, कितीक पाणी नासता!"

"चूप बस. आहे पाणी."

आत्यानं मान खाली घातली. केसांतून पाणी ओघळून अळूच्या वाफ्यात जात होतं. ती म्हणाली, "लय दिवसानं डोस्कं हलकं झालं."

मामाजींनी तोंड फिरवलं आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली.