तिनं माझे हात सोडले नाहीत

देव आमच्या घरात आईच्या वाट्याला आलेला. मी आपली प्रसादापुरती. चष्मा घालवण्यासाठी लेझर करायचं ठरवलं तेव्हाही माझा सगळा भरवसा मशीनवर होता. डॉक्टरांनी मात्र काही लपवलं नव्हतं. डोळे कोरडे पडतील, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, आणि बुबुळावरचा जो पापुद्रा उचलून परत बसवतात तो सुरुवातीला फार नाजूक असतो. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. मी मान डोलावली. आईला हे सांगायचं राहूनच गेलं.

आई सोयगावहून आली ती नवस बोलूनच. लेझर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ चष्म्याविना दिसलं, तशी ती हरखली आणि संध्याकाळी मला गारखेड्यातल्या दत्तमंदिरात घेऊन गेली. आरती संपली, मी डोळे मिटून उभी होते. आईनं निरांजनावर तळवे धरले, माझा काळा गॉगल वर सरकवला आणि ते ऊबदार तळवे माझ्या डोळ्यांवरून चांगले दाबून फिरवले. आईची माया, ती काय हलक्या हाताची असणार!

उजव्या डोळ्यात काहीतरी सरकलं. आगच आग, पाण्याची धार, आणि क्षणभर उघडून पाहिलं तर नुसतं धुरकट. माझे हात डोळ्याकडे गेले, तोच कुणा अनोळखी बाईनं दोन्ही मनगटं धरली.

"चोळू नको पोरी! माझ्या भावानं असंच चोळलं, अन् डोळा गमावून बसला. लई आग झाली तरी हात लावायचा नाय."

"म्याच घात केला गं लेकराचा," आई रडू लागली.

"रडू नका मावशी, आधी रिक्षा बघा."

रिक्षात ती बाई माझ्याजवळ बसली. मी हिसके दिले, ओरबाडलं, नको ते बोलले. तिची पकड सुटली नाही, आणि आवाजही चढला नाही. "व्हय गं, व्हय," एवढंच म्हणत राहिली. आजवर मी कुणाच्या हाती स्वतःला असं सोपवलं नव्हतं. पुंडलिकनगरच्या आसपास कधीतरी माझे हात ढिले पडले, आणि त्यांच्याबरोबर भीतीही ओसरली.

दवाखान्यात माझी मनगटं सिस्टरच्या हाती देऊनच ती बाजूला झाली. डॉक्टरांनी सरकलेला पापुद्रा उचलून धुतला, एकेक सुरकुती काढून परत बसवला. काय निगुतीचं काम! चोळला असता तर नजरेची खात्री देता आली नसती, असं ते म्हणाले. आई धावत बाहेर गेली, तोवर ती बाई निघून गेली होती.

आता मला स्वच्छ दिसतं. थेंब अजून घालते, रात्री गाड्यांचे दिवे जरा पसरतात. त्याची तक्रार नाही. आईला मी कधी बोल लावला नाही. जे आपल्या हातात नाही ते दुसऱ्या हातांवर सोपवता येतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

माझे दोन्ही डोळे सारा वेळ मिटलेले, त्या बाईचा चेहरा मात्र मी पाहिलाच नाही; आईलाही रडण्याच्या भरात तो आठवत नाही. म्हणून बाजारात कुणी अनोळखी बाई समोर आली की मी बाजूला होऊन तिला वाट देते, मनोमन नमस्कार करते. हीच नसेल कशावरून?