खिडकीतलं कुंपण

आमच्या हॉलच्या खिडकीचा कट्टा माझ्या गुडघ्याएवढा होता. इथे गल्फमध्ये, अल नहदाला, बिल्डिंगा सगळ्या अशाच, भिंतीभर सरकती काच नि खाली बसायला कट्टा. आम्ही बाविसाव्या मजल्यावर. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, "बघ, व्ह्यू कसला आहे!" मी बघितलं नि मागे सरले. खाली बसचं छप्पर साबणाच्या वडीएवढं दिसत होतं.

तेव्हा पोर रांगत होती, म्हणून चाललं. मग ती चढायला लागली. सोफ्यावर, टीपॉयवर, माझ्या अंगावर, जिथे पाय ठेवायला मिळेल तिथे. एक दिवस मी किचनमध्ये बांगडे तळत होते, हॉलमधून तिचा आवाज येईना, नि पोरांचा आवाज येत नाही म्हणजे काय ते आईला कळतं. गॅस बंद करून धावले तर ही कट्ट्यावर उभी. पोट काचेला चिकटवलेलं, टाचा उचललेल्या, नि हात वरती खिडकीच्या कडीकडे. काच बंद होती. कडीला तिची बोटं नुसती लागत होती, ओढता येत नव्हती. मला बघून हसली, म्हणाली, "ममा, बस! यलो बस!"

त्या दिवसापासून मला बसवेना. आंघोळ करताना दार उघडं ठेवायचे. भात टाकला की दोनदा हॉलमध्ये येऊन जायचे. ती झोपली तरी मी खिडकीकडे पाठ करून बसत नसे.

नवरा हॉटेलात आहे, किचनमध्ये, त्याची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. त्याला म्हटलं, "लॉक लाव."

"घरमालक भोक पाडू देत नाही गो. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय. वॉचमनला सांगतो, त्यांचा माणूस येऊन लावेल."

वॉचमनला मीच विचारलं, लिफ्टपाशी. "भाभीजी, इन्शाल्ला, करवा देंगे." परत विचारलं. "इन्शाल्ला, भाभीजी." तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आधीच त्याने हात वर केला.

मी वसईला आयला फोन लावला नि रडले. आमची वाडी आहे, फुलांची, मोगरा, कोरांटी, थोडी केळी. माझी शाळा आठवीत सुटली ती वाडीतल्या कामासाठीच. आय ऐकत होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग म्हणाली, "बाय, आपली विहीर केवढी आहे?"

"विहिरीचं काय आता?"

"कठडा आहे का तिला? नाय. तुम्ही पाच पोरं वाढलात ना तिच्या बाजूला? कोण पडलं? विहिरीला लावलंय काय आपण?"

काटेकोरांटी. विहिरीभोवती गोल, कमरेएवढी दाट, पिवळ्या फुलांची. आमच्याकडे सगळ्याच विहिरींना लावतात. पोर एकदा काट्यात हात घालतं, परत जात नाही. नि फुलं बाजाराला जातात ती वेगळीच.

मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. कट्ट्यावर लाकडाची पेटी बसवायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, माती भरायची, काटेरी झाड लावायचं. खिडकीला कुंपण. भिंतीला भोक नाही, काही नाही, कोणाला विचारायला नको.

नवरा म्हणाला, "कारंजंपण करू या का मध्ये?" पण लाकूड त्यानेच आणलं. हॉटेलात भाजीचा माल लाकडी पॅलेटवर येतो, ती पॅलेट मग मागे पडून असतात. मी त्याला माप दिलं, लांबीला नऊ वीत. वाडीत आम्ही सगळं वितेनेच मोजतो. त्याने तिथेच मित्राच्या करवतीने फळ्या कापल्या, मित्राच्या गाडीतून आणल्या, नि कट्ट्यावर ठेवायला गेलो तर फळी बसेचना, एका बाजूने भिंतीवर चढली.

"नऊ वीतच कापलंय," तो म्हणाला.

"कोणाची वीत?"

त्याने स्वतःचा पंजा पसरून बघितला, मग माझा. त्याचं एक बोटच माझ्या दीड बोटाएवढं.

"अगं, मग टेप कशाला असते जगात?"

"तुझ्या मित्राकडे नव्हती वाटतं टेप?"

"तू वीत म्हणालीस!"

पोर टाळ्या वाजवत होती. मग बाथरूममध्ये बसून परत कापल्या, तो कापत होता, मी फळीवर पाय देऊन बसले होते, भुसा सगळा ओल्या लादीला चिकटला. खिळे मी ठोकले. तो धरायला होता नि दर ठोक्याला डोळे मिटत होता. तळाला भोकं पाडली, आत तांदळाच्या रिकाम्या गोणीचं प्लास्टिक लावलं, खाली पाणी गळायला ट्रे. भिंत नि पेटी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी मारल्या, त्या मात्र त्याने मारल्या, जोर लागतो. पेटी हलवून बघितली, हलेना. मी वरती चढून बसले, तरी हलेना.

तो घाम पुसत लांब जाऊन उभा राहिला नि बघायला लागला. नुसतं लाकूड, लांब, रिकामं.

"शवपेटीच वाटते गो," तो म्हणाला. "फादरला बोलवायचं का?"

मी हातोडी खाली टाकली. त्याचं तोंड लगेच उतरलं. "मस्करी केली ना. अगं, मस्करी."

पण ते बोललं गेलं होतं. मी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेला पानाचा क्रूस, गेल्या वर्षीचा वाळलेला, तो पेटीच्या कोपऱ्यात खोचला, तीर्थ शिंपडलं.

कोरांटी इथे मिळाली नाही. नर्सरीवाल्याला हात करून सांगितलं, काटा, काटा चाहिए, तो म्हणाला, "मॅडम, लोग बिना काँटे का माँगते हैं." त्याने बोगनवेल दिली, गुलाबी. काटे चांगले लांब होते. लावताना मी हातावर टॉवेलची घडी घेऊन फांद्या दाबत होते नि पोर शेजारी बसून बघत होती. नंतर तिने बोट लावलंच. "आउची!" रडली, बोट तोंडात घातलं, नि दोन-तीन दिवस पेटीच्या बाजूलाच गेली नाही. मी आयला सांगितलं, "लागू पडलं." आय म्हणाली, "पडणारच."

मी पहिल्यांदा बसून जेवले त्या आठवड्यात.

ऊन भरपूर, वेल फोफावली. मे महिना आला. मे महिना मरियामातेचा, आमच्याकडे घरोघरी रोज हार घालतात, तर मी बोगनवेलीची फुलं काढून हार करायला लागले. फूल कागदासारखं, सुगंध नाही, पण रंग आहे. वाडीत आम्ही दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचो. इथे पोरीला मी टोक धरायला द्यायचे. "दोरा कोण धरतं?" म्हटलं की कुठूनही धावत यायची, "आय होल्ड! आय होल्ड!" नि दोन्ही हातांनी घट्ट धरून, श्वास रोखून उभी राहायची.

त्या दिवशी दुपारी नवरा ड्युटीवर होता. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. इथे मेमध्ये खिडकी कोणी उघडत नाही, बाहेर आग असते, दिवसभर एसीची घरघर, दुसरा आवाज नाही. नि मला हॉर्न ऐकू आला.

घरात हॉर्न. स्पष्ट. मग बसचा ब्रेक.

मी दारात आले. तिने माझा टॉवेल वेलीवर टाकला होता, त्याच्यावर सोफ्याची उशी ठेवली होती, मी दाबायचे तशी दाबली होती, नि पेटीवर चढली होती. काटे खाली गेले, ही वर. कट्ट्यावरून जी कडी तिच्या डोक्याच्या वर होती ती आता तिच्या पोटापाशी आली होती. तेवढी उंची पेटीने दिली होती. मी दिली होती. कडी ओढलेली, काच सरकलेली, तिचं डोकं जाईल एवढी, नि गरम वाऱ्याने तिचे केस मागे उडत होते. एक हात काचेला, दुसरा बाहेर.

माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं. आलंच होतं.

आमच्या वाडीत विहिरीच्या काठाला पोर दिसलं तर हाक मारत नाहीत. लहान पोर हाकेला गर्रकन वळतं नि पाय जातो. माझा धाकटा भाऊ एकदा कुंपण तुटलं होतं तिथून आत गेला होता, तर आय ओरडली नाही, धावली नाही, तिथेच मातीत बसली नि परडी पुढे ओढून फुलं ओवायला लागली. मी बाजूला होते. काय चाललंय ते बघायला भाऊ आपणच बाहेर आला.

मी खाली बसले. दोऱ्याचं रीळ टीपॉयखाली होतं, ते ओढलं. दोरा सोडवायला गेले तर टोकच सापडेना. आवाज कसा काढला मला ठाऊक नाही, साधा काढला.

"आता दोरा कोण धरतं गो?"

ती वळली नाही. बाहेर बघतच होती. खाली परत हॉर्न वाजला.

"मामीच धरेल वाटतं," मी म्हटलं. मामी म्हणजे मरियामाता, ती मामी म्हणते. "मग हार मामीचाच."

"नो! आय होल्ड!"

हात आत आला. मग ती बसली, उशीवर, आधी पोटावर पालथी झाली, सोफ्यावरून उतरते तशी, पाय खाली सोडले, कट्टा चाचपडला. काटा लागला तिला, "आउची" म्हणाली, थांबली. मी रीळ धरून बसले होते. कट्ट्यावरून लादीवर आली नि धावत आली. मी दोऱ्याचं टोक तिला दिलं, मग तिला धरलं, मग मी ओरडले, काय ओरडले ते सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. ती घाबरून रडायला लागली. आम्ही दोघी रडत होतो नि खिडकी तशीच उघडी होती. उठून बंद करायला मला किती वेळ लागला, आठवत नाही.

नवऱ्याला फोन केला तर तो कामावरून तसाच निघाला, देऱ्याच्या बाजाराला उतरून खिडकीची दोन लॉकं घेतली नि ड्रिल मित्राकडून मागून आणलं. वॉचमन दारात आला. "भाई, ड्रिलिंग अलाऊड नहीं है."

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला नि ड्रिल चालू केलं.

काचेच्या पट्टीत वरती एक नि खाली एक, दोन्ही लावली. मग पाचरी काढायला बसला. त्यानेच मारल्या होत्या, निघेनात. पेटी खाली घेतली तेव्हा ती मातीने भिजून एवढी जड झाली होती की दोघांना उचलवेना, ओढत ओढत दारापाशी नेली, लादीवर माती सांडली. मी म्हटलं, "फेकून दे." तो म्हणाला, "उद्या." बोगनवेल वॉचमन घेऊन गेला, खाली गेटपाशी लावली त्याने. पेटी मात्र राहिली, दाराच्या मागे, जमिनीवर. आता तिच्यात मोगरा आहे. ऊन कमी मिळतं, कळ्या थोड्याच येतात. पोर तिच्या काठावर बसून बस बस खेळते.

आयला मी खरं सांगितलं. पेटी केवढी उंच होती ते तिने विचारलं. मग म्हणाली, "विहिरीला पायरी नसते गो, बाय. मला सुचलंच नाही."

लॉकच्या चाव्या दोन. एक नवऱ्याच्या पाकिटात, आग लागली, काही झालं तर. दुसरी माझ्या गळ्यातल्या क्रूसाच्या साखळीत. भात ढवळताना हात तिकडे जातो, आहे ना बघते. लॉक लागलेलं असतं. तरी दुपारी घड्या घालायला बसले की मी मध्येच थांबते नि ऐकते. एसीची घरघर येते, फ्रिज येतो, पोरीचं बडबडणं येतं. रस्ता ऐकू येत नाही. मग पुढची घडी घालते, नि परत थांबते.